काळे चॉकलेट : खाऊ की औषध?

"चॉकलेट खाऊ नकोस, दात किडतील!" हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कुणाचे बालपण सरले असेल असे वाटत नाही. चॉकलेट म्हणजे लाड, चॉकलेट म्हणजे वाढदिवस, पाहुण्यांनी जाताना मुलाच्या हातावर ठेवायची वस्तू. पोटाला लागणारे, अंगी लागणारे असे त्यात काही असेल हा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता. आणि आता? आता घरोघरच्या आज्या रात्री जेवण झाले की फ्रिजमधून काळ्या चॉकलेटची वडी काढतात, एक तुकडा मोडतात आणि तोंड वाकडे करीत चघळतात. विचारले तर सांगतात, "कडू आहे गं, पण हार्टला चांगलं असतं."

कडू आहे म्हणजे औषधी असणार, हा आपला जुनाच समज! कारले, कडुनिंब, काढा यांच्या रांगेत आता चॉकलेटही जाऊन बसले आहे. मोबाइलवर रोज सकाळी 'सुप्रभात'बरोबर येणारे आरोग्याचे संदेश तर काही विचारूच नका. चॉकलेटने बीपी उतरते, साखर आटोक्यात राहते, हिमोग्लोबिन वाढते, वजन घटते, बुद्धी तल्लख होते. एवढे सगळे एका वडीत असते तर दवाखाने बंदच पडले असते. पण म्हणून सगळेच खोटे आहे असेही नाही हं. त्यात खरे काय, अर्धवट काय आणि निव्वळ विक्रीसाठी काय, हे नीट पाखडून घ्यायला हवे. बाजारात या काळ्या चॉकलेटची किंमत साध्या चॉकलेटच्या दुप्पट-तिप्पट असते आणि घरखर्चाचा हिशेब शेवटी आपल्यालाच जुळवायचा असतो.

मुळात कोको म्हणजे काय ते आधी पाहू. कोकोचे झाड आपल्या देशात चांगले वाढते. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून ते लावतात. मंगळूरला १९७३ साली सुपारी उत्पादकांची 'कॅम्पको' ही सहकारी संस्था निघाली आणि १९८६ साली तिने पुत्तूरला चॉकलेटचा कारखानाच काढला. या झाडाची गंमत अशी, की फणसासारखी त्याची फळे थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात. फळ फोडले की आत तीस-चाळीस बिया, आणि प्रत्येक बीभोवती सीताफळासारखा पांढरा, आंबटगोड गर. गर चाटायला छान, पण बी चावली तर मात्र तोंड आवळून येते, इतकी ती कडू आणि तुरट असते.

हा तुरटपणा लक्षात ठेवा, कारण या लेखाचा सगळा जीव त्यातच आहे. जांभूळ खाल्ल्यावर, कोरा चहा प्यायल्यावर, सुपारी चघळल्यावर जीभ जशी आवळते, तशीच कच्च्या कोकोने आवळते. हे काम ज्या द्रव्यांचे, त्यांतल्या एका गटाला शास्त्रज्ञ 'फ्लॅव्हनॉल' म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या आतून एक अगदी नाजूक अस्तर असते. फ्लॅव्हनॉलमुळे, विशेषतः त्यातल्या एपिकॅटेचिन नावाच्या द्रव्यामुळे, त्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार होते. त्याने रक्तवाहिनी सैल पडते, रक्ताला वाट मोकळी मिळते. चॉकलेट हृदयाला चांगले, या म्हणण्याचे मूळ ते हे. कल्पना खरी आहे, प्रयोगात दिसलेली आहे.

पण मैत्रिणींनो, आता पुढची गोष्ट ऐका. झाडावरच्या बीपासून दुकानातल्या वडीपर्यंतचा सगळा प्रवास हा तुरटपणा घालवण्यासाठीच केलेला असतो! बिया गरासकट काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, मग भाजतात. या प्रत्येक पायरीला चव सुधारते आणि फ्लॅव्हनॉल घटतात. त्यावर कडी म्हणजे 'डच' पद्धत. हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्याने १८२८ साली कोकोतले लोणी दाबून वेगळे काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आज आपण वापरतो ती कोको पावडर त्यातूनच आली. ती पाण्यात नीट मिसळावी, आंबटपणा जावा म्हणून त्यांनी तिला क्षाराची प्रक्रिया द्यायला सुरुवात केली. आपण छोले शिजताना सोडा टाकतो ना, तसाच काहीसा प्रकार. पावडर मऊ चवीची झाली, रंगाने छान काळपट झाली. मात्र तुरटपणाबरोबर त्यातला गुणही पार धुऊन निघाला.

किती? २००८ साली अमेरिकेत बाजारातल्या वेगवेगळ्या कोको पावडरी तपासल्या गेल्या. क्षारप्रक्रिया न केलेल्या पावडरीत दर ग्रॅमला सरासरी सुमारे ३५ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल निघाले. हलक्या प्रक्रियेच्या पावडरीत १४, मध्यम प्रक्रियेच्या पावडरीत ८ आणि भरपूर प्रक्रिया केलेल्या, अगदी काळ्याभोर पावडरीत जेमतेम ४! म्हणजे जी पावडर पाहून आपण "वा, काय छान डार्क आहे!" म्हणतो, तिच्यात गुण सर्वांत कमी. साधी, तांबूस रंगाची, किंचित आंबट वास येणारी पावडर बापडी दिसायला फिकट, पण गुणाने तीच थोरली. नुसत्या काळ्या रंगावर भुलू नये ते यासाठी.

आता शास्त्रज्ञांनी काय काय पाहिले त्याकडे वळू.

पनामा देशाच्या किनाऱ्याजवळ सान ब्लास नावाची बेटे आहेत. तिथे कुना जमातीचे लोक राहतात. हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांच्या गटाने १९९७ साली लिहिले, की बेटांवर राहणाऱ्या या लोकांचा रक्तदाब वाढत्या वयाबरोबर वाढतच नाही. तीच माणसे पनामा शहरात राहायला गेली की मात्र इतरांसारखीच बीपीची रोगी होतात. बेटांवर मीठ काही कमी खाल्ले जात नव्हते. मग वेगळे काय? तर तिथे घरचा कोको मोठ्या प्रमाणात पितात, असे त्यांच्या पाहणीत आले. झाले! तिथून कोकोचे नाव जगभर गाजू लागले. पुढे काही अभ्यासकांनी शंका काढली, की ही माणसे सांगितले जाते तेवढा कोको पितच नाहीत. शिवाय बेटावरचे मासे, फळे, वल्ही मारण्याचे कष्ट आणि शहरातली धावपळ यांतही फरक आहेच की! गावाकडची आजी नव्वदीत खणखणीत असते ती केवळ बाजरीच्या भाकरीने की दिवसभराच्या कामाने, हे जसे सांगता येत नाही, तसेच हे.

हॉलंडमधल्या झुटफेन गावात ४७० वृद्ध पुरुषांवर पंधरा वर्षे नजर ठेवून २००६ साली असेच अनुमान काढले गेले. अधिक कोको खाणाऱ्यांचा रक्तदाब थोडा कमी आणि हृदयविकाराने मृत्यूही कमी. पण हीही पाहणीच. चॉकलेट खाणाऱ्या माणसाचे बाकीचे आयुष्य कसे आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

खरी परीक्षा म्हणजे माणसांचे दोन गट करायचे, एका गटाला कोको द्यायचा, दुसऱ्याला नुसते तसे दिसणारे काहीतरी द्यायचे आणि फरक मोजायचा. असे ३५ प्रयोग एकत्र करून, १,८०४ माणसांची माहिती तपासून २०१७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय? रक्तदाब उतरतो. किती उतरतो? सरासरी पारा पावणेदोन मिलिमीटरने! ज्यांना आधीच बीपी आहे त्यांच्यात वरचे प्रेशर चारच्या आसपास उतरले. ज्यांचे नॉर्मल आहे त्यांच्यात फरक जवळजवळ नाहीच. आणि प्रयोगातली माणसे दिवसाला सरासरी ६७० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल घेत होती, तेही दोन ते अठरा आठवडेच.

आता हाच हिशेब मिठाचा पाहा. रोजच्या जेवणातले मीठ चार-साडेचार ग्रॅमनी, म्हणजे सपाट पाऊण चमच्याने कमी केले तर वरचे प्रेशर सरासरी चारने उतरते, बीपीच्या माणसांत पाचाच्या वर. पापड, लोणचे, फरसाण आणि ताटात वरून घेतलेले मीठ, एवढे सोडले की झाले. खर्च शून्य, उलट पैसे वाचतात! पण 'पापड सोडा' या सल्ल्याला कोण विचारतो? 'चॉकलेट खा' म्हटले की सगळे कान टवकारतात.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंची गोष्ट यासाठीच सांगते. वय बासष्ट, बीपीची गोळी गेली आठ वर्षे चालू. मुलाने परदेशातून काळ्या चॉकलेटचा मोठा डबा आणला आणि बरोबर एक छापील कागद, त्यात चॉकलेटचे गुणगान. काकूंनी मनाशी ठरवले की गोळीपेक्षा हे बरे. रोज चार तुकडे सुरू केले आणि गोळी आधी अर्धी, मग एक दिवसाआड. पंधरा दिवसांनी डोके जड होऊ लागले तेव्हा त्यांना वाटले की पित्त झाले. सुनेने जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेले तर वरचे प्रेशर १७८! डॉक्टरांनी गोळी पूर्ववत सुरू केली आणि एवढेच म्हणाले, "चॉकलेट खा हो, पण गोळी खाऊन खा." काकू आता ठीक आहेत. पण ज्यांच्या घरी अशी सून नसेल त्यांचे काय, हा विचार काही माझ्या मनातून जात नाही. पावणेदोन मिलिमीटरचा उतार आणि गोळीचा उतार यांची बरोबरीच होऊ शकत नाही, हे त्या छापील कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते.

सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. 'कॉसमॉस' हे त्याचे नाव. साठी-पासष्टी ओलांडलेली २१,४४२ माणसे, त्यांत १२,६६६ बायका. अर्ध्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल, अर्ध्यांना खोट्या कॅप्सूल, असे साधारण साडेतीन वर्षे चालले. २०२२ साली निकाल आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे सगळे प्रकार एकत्र धरले तर कोकोवाल्यांत थोडे कमी दिसले, पण खात्रीने सांगावे इतके नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी निघाले. शास्त्रज्ञांनी स्वतःच बजावले, की प्रयोगाचा मुख्य प्रश्न हा नव्हता, म्हणून हे पुन्हा तपासून पाहायला हवे. स्मरणशक्तीला कोकोने काही फायदा झाला नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले. तेव्हा मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत 'बुद्धीसाठी' म्हणून चॉकलेट आणणाऱ्यांनी ते खुशाल खाऊ म्हणून आणावे. आणखी एक लक्षात घ्या. दिल्या होत्या त्या कॅप्सूल, चॉकलेटच्या वड्या नव्हेत. आणि या प्रयोगाला पैसा पुरवणाऱ्यांत मार्स ही चॉकलेट कंपनीही होती. त्याने निकाल खोटा ठरत नाही, पण वाचणाराने एवढे ध्यानात ठेवावे.

वजन कमी होते या समजुतीची तर मोठी मौज आहे. २०१५ साली जॉन बोहॅनन नावाच्या विज्ञान-पत्रकाराने मुद्दाम एक कच्चा प्रयोग केला. माणसे अवघी पंधरा, त्यांची मापे अठरा प्रकारची. इतक्या गोष्टी मोजल्या की कशात तरी फरक दिसणारच! तसा तो वजनात दिसला. लगेच 'चॉकलेटने वजन लवकर उतरते' असा निबंध एका नियतकालिकाने छापला आणि बघता बघता अनेक देशांच्या वर्तमानपत्रांत तो झळकला. मग बोहॅननने स्वतःच जाहीर केले, की आहाराच्या बातम्या कशा फुगवल्या जातात हे दाखवायला केलेला हा बनाव होता. पण बनाव उघडकीला आल्याची बातमी मूळ बातमीइतकी दूर कुठे पोचते? आपल्याकडे अजून ते संदेश फिरत आहेत. हिशेब अगदी सरळ आहे. सत्तर टक्क्यांच्या काळ्या चॉकलेटच्या शंभर ग्रॅमला सुमारे सहाशे कॅलरी. अठ्ठावीस-तीस ग्रॅमचा तुकडा खाल्ला की पावणेदोन पोळ्या झाल्याच म्हणून समजा.

मधुमेहाबद्दल २०२४ च्या डिसेंबरमध्ये एक मोठी पाहणी आली. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य-कर्मचारी यांची कित्येक वर्षांची ही माहिती आहे. आठवड्यातून पाच वेळा किंवा अधिक काळे चॉकलेट खाणाऱ्यांत मधुमेह २१ टक्क्यांनी कमी आढळला. दुधाच्या चॉकलेटने तसा फायदा दिसला नाही, उलट वजन वाढलेले दिसले. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. आणि ती मधुमेह न झालेल्यांची आहे. ज्यांना तो झालाच आहे त्यांनी यातून 'आपल्याला चालतं' असा अर्थ काढू नये. 'शुगर-फ्री' चॉकलेटच्या भानगडीतही फार पडू नये. त्यात बहुधा माल्टिटॉल असते. त्याला कॅलरी असतात, आणि जास्त झाले तर पोट फुगून जुलाब लागतात ते वेगळेच.

आता आपल्या बायकांचा खास विषय, रक्त कमी असण्याचा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. घरात शंभरांतली सत्तावन्नावी आपणच असू शकतो, म्हणून हे नीट वाचा. काळ्या चॉकलेटच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे १२ मिलिग्रॅम लोह असते, हे अगदी खरे. त्यावरून 'लोहासाठी चॉकलेट' अशी जाहिरात सुचते. पण ते लोह वनस्पतीचे, सहजी अंगी न लागणारे. शिवाय कोकोतली तीच तुरट द्रव्ये त्या लोहाला धरून ठेवतात, चहा धरून ठेवतो तशी. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका असे डॉक्टर का सांगतात? तेच इथे लागू. एखाद्या मुलीचे हिमोग्लोबिन आठ असेल तर तिला लोहाची गोळी हवी, तीही लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर; जेवणात पालेभाजी, डाळ, आणि चालत असेल तर मटण-मासे हवेत. तिला चॉकलेट द्यायचेच तर दुपारी चार वाजता द्या. गोळी आणि जेवणापासून दोन तास लांब.

पाळीच्या दिवसांत चॉकलेट हवेसे वाटते, ते शरीराचीच मागणी असते म्हणे! अमेरिकेत याचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले, की तिथेच जन्मलेल्या मुलींना ही इच्छा होते, बाहेरच्या देशांत जन्मून तिथे गेलेल्यांना ती बरीच कमी होते. म्हणजे शरीरापेक्षा संस्कृतीचा भाग मोठा. आपल्या आज्यांना त्या दिवसांत गूळपापडी आठवायची ती उगाच नव्हे. हवेसे वाटले तर खावे, त्यात वाईट काही नाही; त्याला शास्त्राचे सर्टिफिकेट कशाला हवे?

बरे, तरीही खायचे ठरवले तर घ्यायचे कोणते? इथेच खरी मेख आहे. वेष्टनावरचे मोठे अक्षर सोडा, मागची बारीक अक्षरे वाचा. चष्मा लावून वाचा, कारण ती मुद्दामच इतकी बारीक केलेली असावीत असा माझा संशय आहे. घटकांच्या यादीत जो पदार्थ सर्वांत जास्त असतो त्याचे नाव पहिले छापतात. पहिले नाव साखर असेल तर ती साखरेची वडी, मग वेष्टन कितीही काळे असो. पहिले नाव कोको असायला हवे. '७० टक्के' याचा अर्थ कोकोचा भाग आणि कोकोचे लोणी मिळून सत्तर, उरलेले तीस बहुतेक साखर. त्यात फ्लॅव्हनॉल किती हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. कोको पावडर घेताना यादीत 'अल्कलाइज्ड', 'प्रोसेस्ड विथ अल्कली' किंवा ५०० वा ५०१ क्रमांकाचा आम्लता-नियंत्रक दिसला तर ती डच पद्धतीची. केकला सुंदर, पण गुणाला उणी. केवळ कोको, बाकी काही नाही, असे लिहिलेली पावडर गुणासाठी घ्यावी.

आणि ते 'कंपाउंड'! दिवाळी-संक्रांतीला घरच्या घरी चॉकलेटे करून विकणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी आहेत. त्यांच्या कष्टाचे मला कौतुकच आहे. पण बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे 'डार्क कंपाउंड' वितळवून साच्यात घालून ते 'हेल्दी डार्क चॉकलेट' म्हणून विकणे बरोबर नाही. कंपाउंडमध्ये कोकोचे लोणी काढून त्याजागी वनस्पती तूप किंवा तसलेच दुसरे स्वस्त तेल घातलेले असते आणि साखर सर्वांत जास्त. कोकोचे लोणी त्या मानाने निरुपद्रवी. त्यातल्या स्निग्धांशाचा सुमारे तिसरा हिस्सा स्टिअरिक आम्लाचा, ज्याने कोलेस्टेरॉल वाढत नाही. वनस्पती तेलातले ट्रान्स फॅट मात्र हृदयाचे वैरी. सरकारने १ जानेवारी २०२२ पासून त्याला दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे चांगलेच झाले. ओळखायची खूण सोपी आहे. यादीत 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' दिसले की ते कंपाउंड. विकायला हरकत नाही. 'कंपाउंड चॉकलेट' असे लिहून विकावे.

मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींबद्दल तर काय सांगावे! 'ड्रिंकिंग चॉकलेट'च्या डब्यात बहुतांश साखरच असते. उंची वाढवणाऱ्या, ताकद देणाऱ्या पावडरींचीही गत फार वेगळी नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले, की बोर्नव्हिटा आणि तत्सम पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली दाखवू नका, कारण कायद्यात असे काही सदरच नाही. मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गात मधल्या सुट्टीत मुलांना विचारले, तर तीन-चार जणांचे सकाळचे खाणे म्हणजे एवढेच चॉकलेटी दूध. अशाने अकरा वाजता ती पेंगायला लागतात, आणि आपण म्हणतो मुलांचे लक्ष नाही.

एक धोक्याची गोष्टही सांगायलाच हवी. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन ग्राहक संस्थेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये काळ्या चॉकलेटच्या २८ वड्या तपासल्या. त्यांतल्या २३ वड्या अशा निघाल्या, की रोज सुमारे २८ ग्रॅम खाल्ले तर शिसे किंवा कॅडमियम यांपैकी एक तरी त्यांनी धरलेल्या पातळीपेक्षा जास्त पोटात जाईल. कॅडमियम जमिनीतून मुळांवाटे झाडात येते. शिसे बहुधा बिया उघड्यावर वाळताना बसलेल्या धुळीतून. कोकोचा अंश जितका जास्त तितके हेही जास्त येण्याची शक्यता. घाबरून डबा फेकून देण्याचे कारण नाही, पण गरोदर बायका आणि लहान मुले यांना 'गुणकारी' म्हणून रोज भरपूर काळे चॉकलेट देऊ नये, एवढे यातून नक्की निघते. शिवाय ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी कोकोतल्या ऑक्झॅलेटमुळे जपून राहावे. छातीत जळजळ होणाऱ्यांनी रात्री झोपताना खाऊ नये. त्यात थोडे कॅफिनही असते. आणि घरी कुत्रा असेल तर त्याला एक तुकडाही देऊ नका. कोकोतले थिओब्रोमिन कुत्र्याला विषासारखे बाधते.

प्रमाण किती ठेवावे? युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली मान्य केले, की रोज २०० मिलिग्रॅम कोको-फ्लॅव्हनॉलने रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते. फ्लॅव्हनॉल राखून मुद्दाम बनवलेली पावडर असेल तर त्यासाठी अडीच ग्रॅम पुरतात आणि तसे चॉकलेट असेल तर दहा ग्रॅम. आपल्या दुकानात मिळणारे चॉकलेट मुद्दाम तसे केलेले नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली अशा खास पावडरीला हृदयाबाबतचा दावा छापायची परवानगी दिली, पण 'पुरावा अत्यंत मर्यादित आहे' असे बरोबर छापायच्या अटीवर, आणि साध्या कोकोला व चॉकलेटला हा दावा लागू नाही असे बजावून. तेव्हा आपले दहा ग्रॅम, म्हणजे वडीचे एक-दोन चौकोन, तेही रोजच्या गोड पदार्थाच्या बदली. शिऱ्यावर चॉकलेट नको.

माझ्या मते वडीपेक्षा साधी कोको पावडर परवडते. २०२४ साली आफ्रिकेत घाना, आयव्हरी कोस्टकडे पीक बुडाले तेव्हा कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्या महागाईत वड्या आणखी लहान झाल्या. पावडरीचा एक डबा मात्र महिना-दोन महिने सहज पुरतो.

आमच्याकडे थंडीत नाचणीचा कोको होतो, त्याची कृती देते. दोन माणसांसाठी दोन चहाचे चमचे नाचणीचे पीठ कोरडेच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावे. गार झाल्यावर त्यात दोन चमचे साधी कोको पावडर मिसळावी आणि अर्धी वाटी कोमट पाणी थोडे थोडे घालून गुठळी न राहील असे कालवावे. कोको एकदम दुधात टाकली तर वर तरंगत बसते, म्हणून आधी पाण्यात कालवायची. मग दीड कप दूध उकळून त्यात ही पेस्ट सोडावी, ढवळत चार-पाच मिनिटे शिजवावी. चिमूटभर जायफळ किंवा सुंठ घालावी. गोडीला दोन खजूर बारीक वाटून घालावेत. गूळ घालायचा तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर, नाहीतर फाटते. पहिले दोन-तीन दिवस कडवट लागेल. गोडी थोडी जास्त ठेवावी आणि मग कमी करत आणावी.

वडी आणलीच तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवा. चॉकलेट हिंगाचा वास पटकन ओढून घेते. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात फ्रिजशिवाय गत्यंतर नाही. कधी कधी वडीवर पांढरी झाक येते. ती बुरशी नव्हे. लोणी किंवा साखर वर येऊन बसलेली असते. खायला काही हरकत नाही, आणि दिसायला नको वाटली तर नाचणीच्या कोकोत टाकून द्यावी.